वादग्रस्त कादंबरी आणि तरुण वाचक

साखर कारखान्याच्या आधारानें वाढलेल्या वालचंदनगरांत आणि भोंवतालच्या इंदापूर-बारामतीकडील खेड्यांत अशीं पुष्कळ घरें आढळतील, जेथें क्रमिक पुस्तकांवांचून दुसरें पुस्तक नाहीं. तेथील मुलास कादंबरी मिळावयाची ती ग्रंथालयांतूनच. म्हणून वादग्रस्त कादंबऱ्या तरुणांस वाचूं द्याव्या कीं नाहींत, हा प्रश्न येथें केवळ चर्चेचा राहत नाहीं. ग्रंथालयाच्या कपाटाचें कुलूप हीच येथें बंदी ठरते.

प्रथम ‘वादग्रस्त’ आणि ‘अश्लील’ यांतील भेद ध्यानीं घेतला पाहिजे. मालतीबाई बेडेकर यांनीं ‘विभावरी शिरूरकर’ या नांवानें १९३३ मध्यें ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आणि १९३४ मध्यें ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी लिहिली, तेव्हां केवढा गदारोळ उठला! सुशिक्षित स्त्रीच्या मनांतील कोंडमारा त्यांनीं उघड बोलून दाखविला, एवढाच त्यांचा अपराध. पुढें त्याच पुस्तकांना मराठी वाङ्मयांत मानाचें स्थान मिळालें.

अश्लीलतेचा प्रश्न मराठींतील एका कथेच्या निमित्तानें सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. चंद्रकांत काकोडकर यांची ‘शामा’ ही कथा १९६२ च्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकांत प्रसिद्ध झाली व तिजवर फिर्याद झाली. उच्च न्यायालयानें दोषी ठरविलेल्या लेखकास सर्वोच्च न्यायालयानें २५ ऑगस्ट १९६९ रोजीं निर्दोष ठरविलें. निकालाचा आशय असा, कीं कामविषयाचा नुसता उल्लेख अश्लील मानला, तर निव्वळ धार्मिक ग्रंथांखेरीज कांहींच विकतां यावयाचें नाहीं; आणि एखाद्या अपवादात्मक वाचकाचा नव्हे, तर पुस्तक ज्या वर्गाच्या हातीं पडतें त्या वर्गाचा विचार केला पाहिजे.

मग कोंवळ्या वयास संरक्षण नको काय? तें आहेच. भारतीय दंडसंहितेच्या २९३ व्या कलमान्वयें २० वर्षांखालील व्यक्तीस अश्लील पुस्तक विकणें हा गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९५ व्या कलमांत ती मर्यादा १८ वर्षांची झाली आहे. कायद्याचा रोख अश्लीलतेवर आहे, मतभेदावर नाहीं.

तेव्हां बंदीऐवजीं विवेक हाच मार्ग उरतो. बारा वर्षांच्या मुलास जें पेलणार नाहीं, तें सतरा वर्षांच्या मुलीस उपकारक ठरूं शकतें. ग्रंथपालानें व शिक्षकानें पुस्तक स्वतः वाचावें, वय पाहून द्यावें आणि वाचून झाल्यावर मुलांशीं त्यावर बोलावें. दडविलेलें पुस्तक मुलें चोरून वाचतात; आणि चोरून वाचलेल्या पुस्तकाविषयीं मनांत उठलेली शंका तीं वडीलधाऱ्यांस विचारूं शकत नाहींत. खरा धोका आहे तो तेथें.