परक्या शिंपल्यांवरील पहारा

अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरील सेंट क्लेअर सरोवरात १९८८ साली नखाएवढा एक पट्टेदार शिंपला आढळला. तो झेब्रा शिंपला होय. मूळचा तो काळ्या व कास्पियन समुद्रांकडील. तोल राखण्यासाठी जहाजे पोटात जे पाणी भरून घेतात, त्यातून तो येथवर आला. एक मादी वर्षाला लाखो अंडी घालते. १९९० पर्यंत तो पाचही महासरोवरांत पोहोचला. त्याने पाणीपुरवठ्याचे नळ तुंबविले व मूळच्या शिंपल्यांच्या अंगावर थर चढवून त्यांचा संहार केला.

मोठ्या सरोवरात हा प्राणी एकदा स्थिरावला, की त्याचे निर्मूलन जवळजवळ अशक्य होते. म्हणून तो येण्यापूर्वीच पहारा ठेवावा लागतो. धक्क्यापाशी पाण्यात फळ्या टांगून त्या ठरावीक मुदतीने तपासतात. बारीक जाळीने पाणी गाळून त्याचे डिंभ सूक्ष्मदर्शकाखाली शोधतात. काहीच न आढळले तरी तारीखवार नोंद करतात. कारण प्राणी केव्हा आला, हे पुढे त्या नोंदींवरूनच उमगते. निरीक्षणाच्या पाठात ‘काही आढळले नाही’ हे उत्तरही विद्यार्थ्यांकडून वहीत लिहवून घ्यावे, ते याचसाठी.