युनियन कोणाची? डेट्रॉईटच्या काळ्या कामगारांचा सवाल

संप म्हटला की मालक एका बाजूला आणि सगळे कामगार दुसऱ्या बाजूला, असे आपण धरून चालतो. अमेरिकेतील डेट्रॉईट शहरात पॅकार्ड या मोटार कंपनीत जून १९४३ मध्ये सुमारे २५ हजार गोऱ्या कामगारांनी काम बंद पाडले, ते पगारासाठी नव्हते. तीन काळ्या कामगारांना बढती मिळाली, एवढेच कारण! मोटार कामगारांच्या ‘यूएडब्ल्यू’ युनियनच्या पुढाऱ्यांनी या संपाला विरोध केला, हेही सांगितले पाहिजे. पण संप केला तो त्यांच्याच सभासदांनी.

हे वाचताना आपल्याला मुंबईच्या गिरण्या आठवल्याशिवाय राहत नाहीत. साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, पगार बरा. पण तेथे अस्पृश्यांना मज्जाव. धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाची भीती! सोबतचे सवर्ण कामगारच आडवे येत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे पुढाऱ्यांनी नाखुशीने तो आपल्या मागण्यांत घेतला.

यूएडब्ल्यू ही काही मालकाची बटीक युनियन नव्हे. १९३६-३७ मध्ये फ्लिंट येथे कामगार ४४ दिवस कारखान्यात ठाण मांडून बसले आणि जनरल मोटर्ससारख्या बलाढ्य कंपनीला युनियन मानावी लागली. तिचे अध्यक्ष वॉल्टर रूथर १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर होते. मग काळ्या कामगारांची तक्रार काय होती?

ती क्रायस्लर कंपनीच्या डॉज मेन कारखान्यात उघड झाली. १९६८ मध्ये तेथे गाड्या जोडण्याच्या चालत्या पट्ट्याचा वेग वाढविण्यात आला. माणसे तीच, हात तेच, गाड्या जास्त. २ मे रोजी गोरे-काळे मिळून हजारो कामगार युनियनला न विचारता बाहेर पडले. शिक्षा मात्र मुख्यतः काळ्यांच्या वाट्याला आली. जनरल बेकर यांना तर कामावरून काढले. (‘जनरल’ हे त्यांचे नाव, हुद्दा नव्हे!)

मग काळ्या कामगारांनी ‘डॉज रिव्होल्युशनरी युनियन मूव्हमेंट’, थोडक्यात ‘ड्रम’, ही संघटना काढली आणि गेटवर पत्रके वाटायला सुरुवात केली. त्यांत आकडे होते: फोरमन शेकडा ९५ गोरे, कुशल कारागीर शेकडा ९० गोरे. सवाल कंपनीला होता तसाच युनियनलाही. जुलैमध्ये त्यांच्या हाकेवर पुन्हा कारखाना विस्कळीत झाला.

त्याच वर्षी युनियनच्या स्थानिक शाखेच्या निवडणुकीत ड्रमचे रॉन मार्च उभे राहिले आणि पहिल्या फेरीत सर्वांच्या पुढे गेले. दुसऱ्या फेरीत ते हरले. निवृत्त सभासदांनाही मत होते, आणि त्यांत गोरेच जास्त. ज्यांनी पट्टा कधीच सोडला होता, त्यांची मते पट्ट्यावर उभ्या असलेल्यांना भारी पडली.

ड्रमचेही चुकले, असे आम्हाला वाटते. मे महिन्यात बरोबर बाहेर पडलेल्या गोऱ्या कामगाराला सोबत ठेवण्याची वाट त्यांना सापडली नाही. पत्रकांची भाषाही फार जहाल होती. पण त्यांनी विचारलेला प्रश्न युनियनने आपणहून कधी विचारला असता का?

जानेवारी १९८० मध्ये क्रायस्लरने डॉज मेनला कुलूप लावले.