कोलकात्याहून भूतान : व्हिसा लागत नाही, मग काय लागते?

भारतीय नागरिकांना भूतानला जाण्यासाठी व्हिसा लागत नाही. हे वाक्य खरे आहे, आणि ते अर्धवट आहे. व्हिसा लागत नसला तरी प्रवेश परवाना लागतो. तो मिळवण्यासाठी ठरावीक ओळखपत्र दाखवावे लागते आणि मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीचे शुल्क भरावे लागते. यांपैकी काहीही अपुरे असल्यास आपल्याला सीमेवरून परत फिरावे लागू शकते.

हा लेख महाराष्ट्रातून कोलकातामार्गे भूतानला जाणाऱ्या कुटुंबांसाठी आहे. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुटीत अशी कुटुंबे गीतांजली किंवा आझाद हिंद एक्स्प्रेसने हावड्याला उतरतात. काही जण हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात एक-दोन दिवस राहून काली मंदिर, व्हिक्टोरिया पाहतात आणि मग सियालदहहून उत्तर बंगालची गाडी धरतात. त्या गाडीत बसण्याआधी पुढील माहिती वाचावी. बसल्यानंतर वाचून फारसा उपयोग होत नाही.

ओळखपत्र कोणते चालते?

प्रौढ व्यक्तीसाठी दोनच कागद चालतात : किमान सहा महिने वैधता शिल्लक असलेला पासपोर्ट, किंवा भारत निवडणूक आयोगाने दिलेले मतदार ओळखपत्र. आधार कार्ड, पॅन कार्ड, वाहन परवाना किंवा रेशन कार्ड यांवर भूतानचा प्रवेश परवाना मिळत नाही.

आधारबद्दलचा गोंधळ समजून घेण्यासारखा आहे. जानेवारी २०१९ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने सांगितले होते की नेपाळ आणि भूतानला जाणाऱ्या १५ वर्षांखालील आणि ६५ वर्षांवरील भारतीयांसाठी आधार कार्ड हे प्रवासाचे वैध कागदपत्र मानले जाईल. ही बातमी मराठी वर्तमानपत्रांतही आली आणि आजही मोबाईलवर फिरत असते. परंतु ती भारताच्या बाजूची तरतूद आहे. परवाना भूतानचे आप्रवासन खाते देते आणि ते खाते पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रच मागते. आपल्या सरकारने बाहेर जाऊ दिले म्हणजे दुसऱ्या देशाने आत घेतले असे होत नाही.

येथे एक कबुली द्यावीशी वाटते. मी या विषयावरच्या एका माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद केला होता आणि त्यात ‘वैध ओळखपत्र’ असा शब्दप्रयोग ठेवला होता. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात चूक नव्हती. कऱ्हाडच्या माझ्या मावशीने तो मजकूर वाचला, तिचे वय ६७, तिच्याकडे आधार होते, आणि आपल्याकडे आधारइतके वैध ओळखपत्र दुसरे कोणते? तिने मला फोन करून विचारलेही होते. मी ‘हो, चालेल’ म्हटले. फुंत्शोलिंगच्या परवाना खिडकीवर ते चालले नाही. मावशी आणि काका तीन रात्री जयगावच्या लॉजवर थांबले. मावसबहीण आणि तिचा सात वर्षांचा मुलगा थिंफू पाहून आले. काकांकडे मतदार कार्ड होते, त्यांना जाता आले असते, पण ते गेले नाहीत. तेव्हापासून मी या विषयावर ‘वैध ओळखपत्र’ लिहीत नाही. कागदाचे नाव लिहिते.

मतदार ओळखपत्र मूळ, छापील स्वरूपात जवळ ठेवावे. मोबाईलमधला फोटो किंवा झेरॉक्स यांवर विसंबून निघू नये. जुन्या कार्डावरचा फोटो ओळखू येत नसेल, नाव चुकले असेल किंवा गाव बदलले असेल, तर मतदार सेवा पोर्टलवर फॉर्म ८ भरता येतो. पत्ता बदलणे, दुरुस्ती आणि हरवलेल्या कार्डाऐवजी नवे कार्ड या तिन्ही कामांसाठी हाच फॉर्म आहे. नवे कार्ड पोस्टाने घरी येते. त्यामुळे तिकिटे काढण्याच्या सुमारास अर्ज करावा, निघण्याच्या आठवड्यात नव्हे. ज्यांचे मतदार यादीत नावच नाही त्यांना पासपोर्ट काढणे हाच सरळ मार्ग. ३६ पानी पासपोर्टचे साधारण शुल्क प्रौढांसाठी १,५०० रुपये असून तत्काळसाठी आणखी २,००० रुपये पडतात.

मुलांचे काय?

१८ वर्षांखालील मुलांसाठी पासपोर्ट नसेल तर जन्म प्रमाणपत्र लागते, आणि ते इंग्रजीत वाचता आले पाहिजे. महाराष्ट्रातील सध्याची प्रमाणपत्रे मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही भाषांत असतात. दहा-पंधरा वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीने हाताने लिहून दिलेला दाखला मात्र बहुधा फक्त मराठीत असतो. सीमेवरचा भूतानी अधिकारी तो वाचू शकणार नाही. संबंधित ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिकेकडून नवी द्विभाषी प्रत घ्यावी.

दाखल्यावर मुलाचे नाव आहे का, हेही पाहावे. ही सूचना वाचून हसू येईल, पण रुग्णालयातून जन्माची नोंद जाते तेव्हा बारसे झालेले नसते आणि नावाचा रकाना कोरा राहतो. शाळेत प्रवेश कसातरी होऊन जातो आणि कोऱ्या रकान्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार पहिल्या १२ महिन्यांत हे नाव विनाशुल्क घालता येते. त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत.

दुसरी अडचण आईच्या नावाची. दाखल्यावर आईचे माहेरचे नाव आणि मतदार कार्डावर सासरचे, असे आपल्याकडे सर्रास असते. मराठी माणसाला यात काही खटकत नाही. परक्या अधिकाऱ्याला मात्र त्या दोन वेगळ्या बायका वाटतात. विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत सोबत ठेवल्यास समजावून सांगणे सोपे जाते. मूल आजी-आजोबांबरोबर किंवा मामाबरोबर जाणार असेल, तर आई-वडिलांच्या सहीचे इंग्रजी संमतीपत्र आणि त्यांच्या ओळखपत्राच्या प्रती घेऊन जाव्यात.

रात्रीचे १,२०० रुपये कशाचे?

२०२० पूर्वी भारतीय पर्यटकाला भूतानमध्ये असे कोणतेही दैनिक शुल्क नव्हते. त्या वर्षी भूतानने कायदा करून ते लावले. त्यानंतर महासाथीमुळे सीमा बंद राहिली आणि २३ सप्टेंबर २०२२ रोजी ती पर्यटकांसाठी पुन्हा उघडली, तेव्हापासून आपल्या लोकांना त्याचा खरा परिचय झाला. म्हणून २०१७ किंवा २०१८ मध्ये जाऊन आलेल्या शेजाऱ्यांच्या हिशेबावर आपले अंदाजपत्रक आखू नये.

या शुल्काचे नाव शाश्वत विकास शुल्क, बोलण्यात ‘एस.डी.एफ.’. भारतीय नागरिकांसाठी ते प्रतिव्यक्ती प्रतिरात्र १,२०० गुल्ट्रम, म्हणजे तितकेच रुपये आहे; इतर बहुतेक देशांच्या पर्यटकांसाठी ते कितीतरी जास्त आहे. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मे शुल्क पडते आणि सहा वर्षांखालील मुलांना माफी आहे. १३ वर्षांचा मुलगा शुल्कासाठी प्रौढ असतो, कागदपत्रांसाठी मात्र बालकच राहतो.

उदाहरण घेऊ. आई, वडील, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा पाच रात्री राहणार आहेत. आई-वडिलांचे मिळून १२,००० रुपये, मुलीचे ३,००० रुपये, मुलाचे शून्य. एकूण १५,००० रुपये. यात हॉटेल, गाडी, जेवण, मठांची प्रवेश तिकिटे काहीच आलेले नाही. सहल कंपनीकडून पॅकेज घेत असाल तर ‘एस.डी.एफ. धरून की वगळून?’ हा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तरही लेखी घ्यावे. शुल्क भरल्याची पावती प्रवास संपेपर्यंत जपून ठेवावी. पैसे भरण्यापूर्वी भूतानच्या अधिकृत संकेतस्थळावर चालू दर एकदा तपासावा.

परवाना कोठे आणि कसा मिळतो?

भूतानच्या आप्रवासन खात्याच्या संकेतस्थळावर घरूनच अर्ज करता येतो. ओळखपत्राची स्वच्छ स्कॅन प्रत, पासपोर्ट आकाराचा फोटो, कोणत्या रात्री कोठे मुक्काम आहे याचा तपशील आणि शुल्काचा ऑनलाइन भरणा एवढे त्यासाठी लागते. सीमेवर पोहोचून फुंत्शोलिंगच्या कार्यालयातही परवाना काढता येतो. परंतु लहान मुले किंवा वयस्कर माणसे बरोबर असतील तर आधीच अर्ज करणे श्रेयस्कर. कागद अपुरा असेल तर ते आपल्याला घरी बसून कळते, जयगावला नव्हे.

कोलकात्याहून दोन मार्ग आहेत. विमानाने थेट पारोला जाता येते. ड्रुक एअर आणि भूतान एअरलाइन्स या दोनच कंपन्या पारोला विमाने नेतात. तिकिटावरचे नाव ओळखपत्रावरच्या नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. स्वस्त मार्ग रेल्वेचा. सियालदहहून संध्याकाळनंतर सुटणारी कांचनकन्या एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी डुआर्सच्या चहामळ्यांतून हासीमाराला पोहोचते. तेथून जयगाव साधारण १८ किलोमीटर. हावडा आणि सियालदह ही दोन वेगळी स्थानके आहेत, हुगळी नदीच्या दोन काठांवर. त्यांच्यामध्ये आता थेट मेट्रो धावते, त्यामुळे सामान घेऊन टॅक्सीशी हुज्जत घालण्याची गरज राहिलेली नाही.

जयगाव भारतात, फुंत्शोलिंग भूतानमध्ये, आणि मध्ये एक भिंत. पायी जाणाऱ्यांसाठी वेगळे टर्मिनल आहे. फक्त फुंत्शोलिंग गावात फिरून त्याच दिवशी परतणाऱ्यांना रात्रीचे शुल्क लागत नाही, आणि येथेच फसगत होते : गावात शिरता आले म्हणजे सर्व झाले असे वाटते. पुढे थिंफूच्या रस्त्यावर रिंचेंदिंगचा तपासणी नाका आहे आणि तेथे परवाना पाहिला जातो. नाक्याच्या अलीकडे ‘परवान्याशिवाय सोडतो’ असे सांगणारा कोणी भेटला तर त्याला पैसे देऊ नयेत.

भूतानचे घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आहे. जयगावला साडेचार वाजले म्हणजे पलीकडच्या कार्यालयात पाच वाजलेले असतात. कार्यालयाच्या सुट्याही भूतानच्या असतात, आपल्या नव्हेत. तेथील सण आधी पाहून घ्यावेत. मुक्काम वाढवायचा झाल्यास परवान्याची मुदत संपण्यापूर्वी थिंफूच्या आप्रवासन कार्यालयात अर्ज करून वाढीव रात्रींचे शुल्क भरावे लागते. भारतीय रुपया तेथे चालतो. उरलेले गुल्ट्रम मात्र परत येण्याआधी खर्च करावेत, कारण जयगावच्या पुढे ते कोणी घेत नाही.

नेपाळ आणि बांगलादेशसाठीही हेच नियम आहेत का?

नाहीत. नेपाळला व्हिसा नाही आणि पर्यटक म्हणून जाणाऱ्या भारतीयांना भूतानसारखा परवाना किंवा रात्रीचे शुल्कही नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. १५ वर्षांखालील आणि ६५ वर्षांवरील प्रवाशांना तेथे आधारची सवलत उपयोगी पडते. बांगलादेशसाठी पासपोर्ट आणि आगाऊ घेतलेला व्हिसा दोन्ही आवश्यक आहेत. सीमा कोलकात्यापासून दोन-तीन तासांवर असली तरी मतदार कार्डाचा तेथे काहीही उपयोग नाही. तसेच भूतान किंवा नेपाळमधून पुढे बँकॉकसारख्या तिसऱ्या ठिकाणी जायचे असेल, तर पासपोर्टला पर्याय नाही.

मतदार यादीतील नाव, दुरुस्ती किंवा नव्या कार्डाबाबत १९५० या क्रमांकावर चौकशी करता येते. दुसऱ्या राज्यातून फोन करत असल्यास आपल्या जिल्ह्याचा एस.टी.डी. कोड आधी लावावा. माझ्या मावशीने फॉर्म ८ भरला आहे. कार्डावरचे जुने नाव माहेरचे होते, तेही आता बदलून मिळेल.