प्रवाळाचा सजीव खडक

मालवणनजीक सिंधुदुर्ग किल्ल्यालगतच्या उथळ समुद्रात पाणबुडे पाठीवर दाबून भरलेल्या हवेची टाकी बांधून उतरतात. तेथील प्रवाळ दगडासारखे भासले, तरी ती असंख्य सूक्ष्म जीवांची वसाहत होय. हे जीव चुन्याचा सांगाडा रचतात. त्याच्या कपारींत रंगीत मासे आसरा घेतात. जीवांच्या शरीरातील एकपेशीय शैवल सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करून त्यांस पुरविते. म्हणूनच असे प्रवाळ स्वच्छ, उथळ पाण्यात वाढते. पाणी फार तापल्यास शैवल निघून जाते व प्रवाळ पांढरे पडते. पाणबुड्याचा पाय किंवा होडीचा नांगर लागल्यास अनेक वर्षांची वाढ क्षणात मोडते. १९८७ साली हा परिसर सागरी अभयारण्य घोषित झाला. 'पाहावे, स्पर्श करू नये' हा नियम शिक्षकांनी मुलांच्या मनावर बिंबवावा. किनाऱ्यावरील मुलेच उद्याचे नावाडी व पाणबुडे होत.