रेडिएटरातील पाणी बाहेर का पडते?

मोटारीच्या एंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांश भाग सिलिंडरांभोवती खेळणाऱ्या पाण्याला वाहून न्यावा लागतो. हे पाणी बाहेर पडू लागले की, 'एंजिन तापले' असे म्हणून चालक रेडिएटरालाच दोष देतो. परंतु पाणी उकळून बाहेर येणे आणि न उकळता बाहेर ढकलले जाणे, या दोन निराळ्या गोष्टी होत.

पाणी २० अंशांपासून ९० अंशांपर्यंत तापले म्हणजे त्याचे आकारमान शेकडा सुमारे साडेतीनने वाढते. जादा पाण्यासाठी वेगळी टाकी नसलेल्या जुन्या मोटारीत दहा लिटर पाणी काठोकाठ भरले, तर त्यातील सुमारे एक तृतीयांश लिटर बाहेर जाणारच. तेवढ्यावर ते थांबले तर तो दोष नव्हे. झाकणाचेही तसेच पाहावे. त्यातील स्प्रिंग पाण्यावर दाब राखते. वातावरणाच्या दुप्पट दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते. स्प्रिंग सैल झाली की ते शंभरालाच उकळू लागते. झाकण बदलणे स्वस्त पडते, म्हणून ते आधी तपासावे.

खरा घातक दोष याहून खोल असतो. एंजिनचा ठोकळा आणि त्यावरील हेड यांच्यामध्ये गॅस्केट नावाची पातळ चकती बसविलेली असते. ती एखाद्या जागी जळली की सिलिंडरातील वायू, पाण्यापेक्षा कितीतरी अधिक दाबाचे असल्यामुळे, पाण्याच्या मार्गात घुसतात आणि पाण्याला हुसकून लावतात. जेथे वायू साचतो तेथे धातूला पाण्याचा स्पर्श होत नाही व तो भाग भाजून निघतो. म्हणजे येथे एंजिन तापणे हे कारण नसून परिणाम होय! नवा रेडिएटर बसवून काय साधणार?

याची परीक्षा एंजिन रात्रभर निवल्यावरच करावी. तापलेल्या एंजिनचे झाकण कदापि उघडू नये; दाब सुटताच शंभर अंशांवरील पाण्याची क्षणात वाफ होते आणि तोंड-हात होरपळतात. थंड एंजिनचे झाकण काढून पाणी काठापर्यंत भरावे व एंजिन सुरू करावे. अडकलेल्या हवेचे चार बुडबुडे येऊन थांबतात. परंतु पाणी कोमटही झालेले नसताना बुडबुडे अखंड येत राहिले, तर संशय बळावतो. मग रेडिएटराच्या तोंडाजवळील हवा ब्रोमोथायमॉल ब्लू या निळ्या द्रावणातून ओढून घेतात. तीत जळलेल्या इंधनाचा कार्बन डायऑक्साइड असेल, तर द्रावण आम्लधर्मी होऊन पिवळे पडते.

द्रावण पिवळे पडल्यास हेड उतरवावे लागते. मात्र नवी गॅस्केट घालण्यापूर्वी त्याच्या तळावर सरळ पट्टी ठेवून पाहतात. अतितापाने हेड वाकले असेल, तर ते घासून सपाट केल्यावाचून नवी गॅस्केटही त्याच जागी जळते.