बी.एस्सी. नर्सिंग: समजुती अनेक, नियम स्पष्ट

दहावीचा निकाल लागला, अकरावीचा अर्ज भरायला घेतला, की कुणीतरी हमखास म्हणतं, "काहीच नाही जमलं तर नर्सिंग आहेच." या बोलण्यावर विसंबून विषय निवडणारी मुलं दोन वर्षांनी पात्रतेच्या अटी वाचून हबकतात. बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची, आठ सेमिस्टरची विज्ञान पदवी आहे. देशात ती १९४६ पासून, दिल्ली आणि वेल्लोर इथल्या महाविद्यालयांपासून शिकवली जाते. तिची तयारी अकरावीचे विषय निवडतानाच करावी लागते.

गैरसमज: बारावी कुठल्याही शाखेची चालते.
वस्तुस्थिती: जीएनएम या तीन वर्षांच्या पदविकेला इतर शाखांची मुलंही अर्ज करू शकतात. पदवीला मात्र विज्ञान शाखाच लागते. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून किमान ४५ टक्के गुण हवेत आणि इंग्रजीत उत्तीर्ण व्हायला हवं. अनुसूचित जाती-जमातींना गुणांत ५ टक्क्यांची सवलत आहे. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण झालेली असावीत. खरी अडचण जीवशास्त्रापाशी येते. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्ससाठी जीवशास्त्र सोडलं, तर विज्ञान शाखेत असूनही पदवीचं दार बंद होतं.

गैरसमज: गणित सोडलं की आकडेमोडीतून सुटका.
वस्तुस्थिती: पात्रतेसाठी बारावीचं गणित लागत नाही, हे खरं. पण वॉर्डमध्ये हिशेब रोजचा आहे. डॉक्टरांनी २५० मिलिग्रॅम औषध लिहिलं आणि बाटलीत ५ मिलीलिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम असेल, तर सिरिंजमध्ये २.५ मिलीलिटर घ्यायचं. १००० मिलीलिटर सलाईन ८ तासांत द्यायचं आहे आणि सेटमधून १ मिलीलिटरला १५ थेंब पडतात, तर मिनिटाला साधारण ३१ थेंब ठेवायचे. दशांश चिन्ह एक घर सरकलं तर रुग्णाला दहापट औषध जाऊ शकतं. त्रैराशिक आणि दशांश अपूर्णांक पक्के असले, की हा हिशेब जमतो.

गैरसमज: प्रवेश नुसत्या बारावीच्या गुणांवर मिळतो.
वस्तुस्थिती: महाराष्ट्रात राज्याचा सीईटी सेल बी.एस्सी. नर्सिंगसाठी स्वतंत्र प्रवेश परीक्षा घेतो. तिच्यात तिन्ही विज्ञान विषय आणि इंग्रजी यांच्याबरोबर नर्सिंगचा कल तपासणारे प्रश्नही असतात. पुण्याच्या एएफएमसीसारख्या सैन्यदलाच्या महाविद्यालयांत मुलींना नीट द्यावी लागते. त्यामुळे कुठे प्रवेश हवा ते आधी ठरवावं आणि त्या त्या परीक्षेचा अर्ज वेळेत भरावा.

गैरसमज: अभ्यास म्हणजे इंजेक्शन आणि ड्रेसिंग.
वस्तुस्थिती: पहिल्याच सेमिस्टरला शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि संवादासाठीचं इंग्रजी असतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी या इंग्रजीला घाबरू नये, पण सराव पहिल्या दिवसापासून करावा. पुढे जीवरसायन, आहारशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र आणि विकृतिशास्त्र येतं. प्रौढांचं, बालकांचं, मनाचं आणि समाजाचं आरोग्य, प्रसूतीशास्त्र, संशोधन आणि संख्याशास्त्र, व्यवस्थापन, न्यायवैद्यक परिचर्या आणि कायदे हेही शिकावं लागतं. ताप का येतो, तो उतरवणारं औषध शरीरात काय करतं आणि कोणत्या खुणा दिसल्या की डॉक्टरांना तातडीने बोलवायचं, हे उमजण्यासाठी हे सगळे विषय लागतात.

गैरसमज: हजेरीचं कुठेही भागतं.
वस्तुस्थिती: परीक्षेला बसण्यासाठी वर्गात ८० टक्के हजेरी लागते. वॉर्ड आणि गावपातळीवरच्या प्रत्यक्ष कामाची हजेरी पदवी मिळण्याआधी पूर्ण १०० टक्के भरावी लागते. चुकलेली ड्युटी भरून द्यावीच लागते. वर्गातल्या २० तासांना १ क्रेडिट मिळतं, तर वॉर्डमध्ये त्याच १ क्रेडिटसाठी ८० तास काम करावं लागतं. शेवटचं सेमिस्टर संपूर्ण इंटर्नशिपचं असतं. पहाटेची आणि रात्रीची ड्युटी, तासन्‌तास उभं राहणं, वेदनेत असलेल्या माणसाशी शांतपणे बोलणं, हे सगळं अभ्यासाचाच भाग आहे.

गैरसमज: हा मुलींचाच कोर्स, आणि लग्नानंतर शिकता येत नाही.
वस्तुस्थिती: पदवी मुलांनाही खुली आहे. वॉर्डात 'ब्रदर' म्हणून ओळखले जाणारे परिचारक याच अभ्यासक्रमातून येतात. विवाहित उमेदवारही परिषदेच्या नियमांनुसार पात्र आहेत. सैन्यदलाच्या महाविद्यालयांचे नियम मात्र वेगळे आहेत.

गैरसमज: जीएनएम केलं की पदवीची वाट संपली.
वस्तुस्थिती: जीएनएम करून नोंदणी झालेल्यांसाठी दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग पदवी आहे. त्यानंतर एम.एस्सी.ही करता येतं. बारावीला जीवशास्त्र नव्हतं, त्यांच्यासाठी हा मार्ग लांबचा असला तरी सन्मानाचा आहे.

गैरसमज: पदवी हातात आली की लगेच काम सुरू.
वस्तुस्थिती: आधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. म्हणून फी भरण्याआधीच महाविद्यालयाची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता यांची कागदपत्रं मागून पाहावीत. राज्यात ही संलग्नता प्रामुख्याने नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. मुलं कोणत्या रुग्णालयात शिकतात आणि तिथे किती खाटा आहेत, हेही विचारावं. मान्यता नसलेल्या संस्थेत घालवलेली वर्षं नोंदणीच्या वेळी मोजली जात नाहीत.

रुग्णाजवळ चोवीस तास कुणी ना कुणी परिचारिका असते. तिच्या ज्ञानावर माणसांचे जीव अवलंबून असतात. म्हणून मुला-मुलींनी नर्सिंग निवडावं ते पहिली पसंती म्हणून, आणि आईवडिलांनीही त्याकडे तसंच पाहावं.