टेकड्यांचे आरक्षण

१९९७ साली पुण्याच्या हद्दीत आलेल्या २३ गावांच्या विकास आराखड्यात सुमारे ९७८ हेक्टर डोंगरउतार ‘जैवविविधता उद्यान’ म्हणून राखण्याची जी तरतूद झाली आणि जिला दीर्घ वादानंतर २०१५ साली राज्य शासनाने मंजुरी दिली, ती ग्रामीण जमिनीवरील मूळ वनस्पतींच्या रक्षणासाठी आखलेल्या सरकारी धोरणाचा एक महत्त्वाचा दाखला होय. बाणेर, बावधन, वारजे, कात्रज येथील या टेकड्या उन्हाळ्यात अनोळखी माणसाला उजाड भासतात. परंतु पाने ढाळून खडकाला चिकटून राहणारी सालई, मोई, धावडा, गणेर ही झाडे आणि त्यांच्यामधली कुसळी गवताची मोकळी रानेच येथली खरी वनश्री आहे, आणि पावसाचे पाणी याच उतारांवर मुरून खालच्या ओढ्याविहिरींना मिळते. म्हणून गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे दाटीने लावून टेकडी हिरवी करणे म्हणजे तिचे संरक्षण नव्हे, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

खरा तंटा मालकीचा आहे. पुष्कळ जमिनीच्या सातबाऱ्यावर खाजगी खातेदारांची नावे आहेत, आणि मोबदल्यादाखल देऊ केलेला आठ टक्के हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे अन्यत्र बांधकामासाठी वापरता वा विकता येणारा हक्क, अनेकांना तुटपुंजा वाटला. ही तक्रार मला अवाजवी वाटत नाही. मोबदला रखडला की उतार फोडले जातात आणि बिनपरवाना बांधकामे उभी राहतात. मालकीचा तंटा सुटेपर्यंत टेकड्यांवर राखण्याजोगे काय आहे याची नोंद तरी व्हावी. २००२ च्या जैविक विविधता कायद्यान्वये स्थानिक संस्थांनी समिती नेमून लोकांच्या माहितीवरून जैवविविधतेची नोंदवही तयार करावयाची असते. कोणत्या ओघळीत कोणते झाड उगवते हे जाणणाऱ्या गुराख्यांची साक्ष तीत अवश्य यावी.